विश्लेषण : वेग नुसता धावून वाढतो का? अमेरिकन फुटबॉलपटूंच्या सरावातून वणीच्या भरतीवाल्यांना काय घेता येईल?

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत ५० पैकी ३० गुण वेग आणि ताकदीला आहेत. तरीही बहुतेक उमेदवारांची पहाट लांब पल्ल्याच्या धावण्यातच जाते. वेग आणि ताकद एकत्र कशी वाढवायची, याचा पद्धतशीर विचार अमेरिकन फुटबॉलने गेली पन्नासहून अधिक वर्षे केला आहे. त्या सरावामागचे शास्त्र आणि त्यातले धडे…

वणी, दिंडोरी, कळवण, सुरगाणा या पट्ट्यात भरतीची जाहिरात निघाली, की पहाटे रस्त्यांवर धावणाऱ्यांची संख्या वाढते. नाशिक जिल्ह्याला धावण्याची परंपराही आहे. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या आशियाई स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये रौप्यपदक मिळवले. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ लष्करात भरती झाल्यावर नौकानयनाकडे वळला आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकपर्यंत पोहोचला. त्यामुळे ‘भरपूर धावा, बाकी आपोआप होईल’ ही समजूत येथे पक्की बसली आहे. लांब पल्ल्यासाठी ती बऱ्याच अंशी खरी आहे. भरतीसाठी मात्र ती अपुरी ठरते.

मैदानी चाचणीत वेगाला किती गुण?

महाराष्ट्र पोलीस शिपाई पदाच्या अलीकडच्या भरत्यांत मैदानी चाचणी ५० गुणांची असते. पुरुषांसाठी १६०० मीटर धावणे २० गुण, १०० मीटर धावणे १५ गुण आणि ७.२६ किलोचा गोळा फेकणे १५ गुण. महिलांसाठी १६०० ऐवजी ८०० मीटर आणि ४ किलोचा गोळा असतो. गुणांची विभागणी तीच. पूर्ण गुण हवे असतील, तर पुरुषांना १६०० मीटर ५ मिनिटे १० सेकंदांत, १०० मीटर ११.५ सेकंदांत आणि गोळा ८.५ मीटरवर न्यावा लागतो. महिलांसाठी हेच निकष ८०० मीटर २ मिनिटे ५० सेकंद, १०० मीटर १४ सेकंद आणि गोळा ६ मीटर असे आहेत.

हिशेब सरळ आहे. दमाची कसोटी २० गुणांची, तर वेग आणि स्फोटक ताकद मिळून ३० गुणांची. मैदानी गुणांवरून लेखी परीक्षेसाठी निवड होते आणि अंतिम यादीतही ते धरले जातात. तेथे एका गुणाने शेकडो उमेदवार मागे पडतात. म्हणजे रोज आठ-दहा किलोमीटर धावणारा उमेदवार सर्वाधिक वेळ २० गुणांवर खर्च करतो आणि ३० गुण नशिबावर सोडतो.

यात अमेरिकन फुटबॉलचा काय संबंध?

अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपल्याकडचा फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू, हेल्मेट, खांद्याचे संरक्षक कवच आणि समोरासमोरची धडक असा हा खेळ आहे. त्यातील एक चाल जेमतेम चार ते सहा सेकंद चालते. मग अर्ध्या मिनिटाच्या आसपास विश्रांती आणि पुन्हा चाल. म्हणजे खेळाडूला तासभर एका लयीत धावायचे नसते. काही सेकंदांत सगळी ताकद ओतायची असते आणि हे पुन:पुन्हा करायचे असते. आपल्या कबड्डीतील चढाईपटू, खो-खोतील आक्रमक आणि भरतीतील १०० मीटरचा उमेदवार यांची गरज याच जातीची आहे.

या खेळाची व्यावसायिक संघटना म्हणजे एनएफएल. नवे खेळाडू निवडण्यापूर्वी इंडियानापोलिस शहरात दरवर्षी त्यांची जाहीर चाचणी होते. ४० यार्ड, म्हणजे ३६.५८ मीटर धावणे, उभ्याने उंच उडी, उभ्याने लांब उडी, दिशा बदलत धावणे आणि १०२ किलो वजन उताण्याने छातीवरून उचलणे, असे तिचे स्वरूप असते. ४० यार्डांचा विक्रम झेवियर वर्दीच्या नावावर आहे. २०२४ मध्ये त्याने ४.२१ सेकंद वेळ दिली. ही सरासरी ताशी ३१.३ किलोमीटर होते. गंमत अशी, की १०० मीटर ११.५ सेकंदांत धावणाऱ्या पोलीस उमेदवाराची सरासरीही तेवढीच भरते. दोन्ही कामगिऱ्या तुल्य नाहीत, कारण वर्दीने हा वेग निम्म्याहून कमी अंतरात गाठला. पण आपल्याकडे पूर्ण गुणांचा निकष किती कडक आहे, हे यावरून कळते. तो नुसत्या मेहनतीने सहसा गाठता येत नाही. त्यासाठी नेमका सराव लागतो.

भारतात हा खेळ आहे का?

थोडा आहे. २०१२ मध्ये ‘एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया’ सुरू झाली. तिचे पहिल्या हंगामाचे सामने श्रीलंकेत कोलंबो येथे झाले आणि विजेतेपद ‘पुणे मराठाज’ संघाने मिळवले. लीग पुढे फारशी रुजली नाही. आता मात्र खेळाला नवे दार उघडले आहे. धडक नसलेला, कमरेची पट्टी ओढून प्रतिस्पर्ध्याला अडवण्याचा ‘फ्लॅग फुटबॉल’ हा प्रकार २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये पुरुष आणि महिला अशा दोन्ही गटांत खेळला जाईल. त्यावर शिक्कामोर्तब झाले ते ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अधिवेशनात. क्रिकेटच्या ऑलिम्पिक प्रवेशाची बातमी त्या दिवशी गाजली. तिच्याच जोडीने हा निर्णय झाला होता.

वजन उचलल्याने अंग जड होते का?

‘वजन मारले की अंग जड होते, मग पळता येत नाही’ हे वाक्य आपल्याकडे मैदानावर हमखास ऐकू येते. साठच्या दशकापर्यंत अमेरिकेतही बहुतेक प्रशिक्षकांचे हेच मत होते. ते बदलण्यात नेब्रास्का विद्यापीठाचा मोठा वाटा आहे. तेथील पोल व्हॉल्टपटू बॉइड एप्ली दुखापतीतून सावरताना वजनाचे व्यायाम करत असे. त्याच्यासोबत व्यायाम करणारे जायबंदी फुटबॉलपटू मैदानात परतले, तेव्हा ते पूर्वीपेक्षा दणकट दिसले. १९६९ मध्ये विद्यापीठाने एप्लीला ताकदीचा प्रशिक्षक म्हणून नेमले. खेळाडू मंद झाले तर नोकरी जाईल, असा दम मुख्य प्रशिक्षक बॉब डेव्हेनी यांनी दिल्याची आठवण सांगितली जाते.

एप्लीने एक शहाणपणाचे काम केले. त्याने सगळे मोजले. धाव, उडी, उचललेले वजन यांच्या नोंदी ठेवल्या. खेळाडू मंद झाले नाहीत. नेब्रास्काने १९७० आणि १९७१ असे सलग दोनदा राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. १९७८ मध्ये एप्लीच्या पुढाकाराने ताकदीच्या प्रशिक्षकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि हा स्वतंत्र व्यवसाय झाला.

अंग जड होते ते वेगळ्या कारणाने. फक्त दंड आणि छाती फुगवणारे व्यायाम केले, धावणे सोडले आणि खाणे वाढवले, तर वजन वाढते आणि वेग घटतो. दोष वजनाचा नसतो, आखणीचा असतो.

वेग नेमका येतो कुठून?

पाय भरभर हलवले की वेग वाढतो, असे वाटते. पीटर वेयंड आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात वेगळेच दिसले. सर्वोच्च वेगात असताना जलद आणि मंद धावपटू पाय हवेतून पुढे आणायला जवळपास सारखाच वेळ घेत होते. फरक होता तो पाय जमिनीवर टेकल्यावर दिलेल्या रेट्यात. जलद धावपटू जमिनीला अधिक जोराने दाबतात, म्हणून त्यांचे प्रत्येक पाऊल अधिक लांब पडते.

येथे दुसरी अडचण येते. पूर्ण वेगात पाय जमिनीवर सेकंदाचा सुमारे दहावा भागच टेकतो. स्नायूला आपली कमाल ताकद बाहेर काढायला मात्र याच्या कितीतरी पट वेळ लागतो. त्यामुळे ताकद असून भागत नाही. ती झटकन बाहेर यावी लागते. शंभर किलोचे पोते सावकाश उचलणारा माणूस ताकदवान असतो, पण तो वेगवान असेलच असे नाही. म्हणून अमेरिकन फुटबॉलमध्ये सराव तीन पायऱ्यांनी होतो. आधी जड वजनांनी मूळ ताकद, मग उड्या आणि जलद उचलीने स्फोटकता आणि सोबतीला प्रत्यक्ष वेगाने धावणे. तिन्हींपैकी एक सोडले, तरी साखळी तुटते.

गोळाफेकीचेही हेच. अनेक उमेदवार गोळा केवळ हाताने ढकलतात. प्रत्यक्षात जोर पायातून निघतो, कंबरेतून वळतो आणि शेवटी हातातून सुटतो. घोटा, गुडघा आणि कंबर एकाच क्षणी उलगडणे हे गोळाफेकीचे मर्म आहे. फुटबॉलमधील धडकेचे आणि १०० मीटरच्या पहिल्या पावलाचेही तेच.

वेगाचा सराव कसा करतात?

पहिला नियम म्हणजे वेगाचा सराव ताज्या अंगाने करायचा. पाच किलोमीटर धावून झाल्यावर मारलेल्या स्प्रिंटने वेग वाढत नाही, थकल्या पायांनी धावण्याची सवय लागते.

दुसरा नियम विश्रांतीचा. पहिल्या काही सेकंदांच्या जोरदार धावेला स्नायूत साठलेले तात्काळ इंधन लागते. ते संपले की भरून यायला काही मिनिटे जातात. म्हणून प्रशिक्षकांचा साधा ठोकताळा असा, की धावलेल्या प्रत्येक १० मीटरला सुमारे एक मिनिट विसावा. ३० मीटरची धाव मारली, तर तीन मिनिटे थांबायचे. बघणाऱ्याला हा आळस वाटतो. पण प्रत्येक धाव पूर्ण वेगाने व्हावी यासाठीच तो असतो.

तिसरा नियम कमी पण नेमके धावण्याचा. सुरुवातीला १० ते ३० मीटरच्या सहा ते आठ धावा एका दिवसाला पुरतात. असे दिवस आठवड्यातून दोनच, आणि दोन्हींमध्ये किमान ४८ तासांचे अंतर. पुढील आठवड्यांत धावेची लांबी ५०-६० मीटरपर्यंत वाढवावी. सुरुवातीची पावले पुढे झुकून, जमीन मागे ढकलत टाकायची. मान लगेच वर काढली की शरीर उभे होते आणि रेटा वाया जातो.

चौथा नियम मोजण्याचा. मोबाइलच्या घड्याळाने, शक्यतो एकाच व्यक्तीने वेळ घ्यावी आणि दर पंधरा दिवसांनी वहीत लिहावी. हाताने घेतलेली वेळ यंत्रापेक्षा साधारण पाव सेकंदाने कमी भरते, हे लक्षात ठेवावे. मैदानावर ११.५ दिसले म्हणजे भरतीतही तेवढेच येईल, असे नाही.

व्यायामशाळा नसेल तर?

एनएफएलच्या संघांकडे कोट्यवधींची यंत्रे असतात. पण त्यांचा मूळ सराव अगदी साध्या साधनांवर उभा आहे. ढकलण्याची वजनदार घसरगाडी त्यांच्याकडे पिढ्यान् पिढ्या वापरली जाते. आपल्याकडे जुना टायर, जाड दोरी आणि कमरेचा रुंद पट्टा एवढ्यात काम होते. टायर ओढताना नेहमीच्या धावेपेक्षा वेग दहा टक्क्यांहून अधिक घटू नये, हा जुना आणि सुरक्षित निकष. ट्रॅक्टरचा मोठा टायर उलटवणेही चांगला व्यायाम आहे. मात्र पाठ वाकवून नव्हे, पायांच्या जोरावर.

द्राक्ष-टोमॅटोच्या या पट्ट्यात कॅरेट आणि पोती घरोघरी असतात. मातीने भरलेले २० किलोचे पोते छातीशी धरून बैठका, तेच खांद्यावर घेऊन पुढे पाऊल टाकत बसणे, दोन भरलेले कॅन हातात घेऊन ४० मीटर चालणे हे व्यायाम पाय, पाठ आणि पकड तिन्ही घडवतात.

जोर-बैठकांचे काय? त्या उत्तमच आहेत, पण एक मर्यादा ओळखावी. सलग दोनशे बैठका मारल्या की दम वाढतो; कमाल ताकद एका टप्प्यानंतर वाढत नाही. ताकदीसाठी भार वाढवावा लागतो आणि आवर्तने कमी करावी लागतात. पाच-सहा आवर्तनांतच कस लागेल एवढे वजन, असे तीन-चार संच आणि मध्ये दोन-तीन मिनिटे विश्रांती. आपल्या आखाड्यांना हे नवे नाही. दगडी नाल उचलणे आणि गदा फिरवणे हे भार वाढवण्याचेच जुने मार्ग होते.

उड्यांचा सराव मऊ मातीवर करावा. नवशिक्याने एका दिवशी एकूण ८० ते १०० टेकण्यांच्या पुढे जाऊ नये. उडी किती उंच यापेक्षा जमिनीवर अलगद, गुडघे आत न वळवता उतरता येते का, हे आधी पाहावे.

सप्तशृंगीच्या परिसरातील चढांचा उपयोग होईल?

नक्कीच. ‘शिकागो बेअर्स’चा विख्यात खेळाडू वॉल्टर पेटन हंगामाबाहेरच्या काळात तीव्र उताराच्या टेकडीवर धावत असे. १९८७ मध्ये तो निवृत्त झाला, तेव्हा चेंडू घेऊन सर्वाधिक अंतर धावण्याचा विक्रम त्याच्या नावावर होता. जेरी राइस या दुसऱ्या दिग्गजाची कॅलिफोर्नियातील टेकडीही अशीच गाजली. सोबत धावायला आलेले अनेक जण अर्ध्यातच थांबत.

चढावर पाय आपोआप पुढे झुकून पडतो, जमीन मागे ढकलावीच लागते आणि सर्वोच्च वेग गाठला जात नसल्याने मांडीमागचा स्नायू ताणला जाण्याचा धोका कमी राहतो. म्हणून सरावाच्या पहिल्या महिन्यात सपाट रस्त्यावरील स्प्रिंटपेक्षा चढावरची धाव बरी. २० ते ३० मीटरचा मध्यम चढ, सहा धावा, पूर्ण विश्रांती एवढे पुरे. चढ धावत, उतार चालत हे पथ्य मात्र पाळावे. उतारावर धावताना गुडघ्यांवर आणि मांड्यांवर येणारा ताण मोठा असतो. गडाच्या पायऱ्या आणि घाटरस्ता यासाठी टाळावेत. पायऱ्यांवर भाविकांची गर्दी असते, रस्त्यावर वाहनांची. गावाबाहेरची मातीची चढण सर्वांत उत्तम.

रोज डांबरावर धावणाऱ्यांना नडगी दुखण्याचा त्रास हमखास होतो. आठवड्यातील निम्मे धावणे तरी मातीवर आणावे. मांडीमागच्या स्नायूसाठी गुडघ्यांवर उभे राहून, जोडीदाराला घोटे धरायला लावून सावकाश पुढे झुकण्याचा ‘नॉर्डिक’ व्यायाम आठवड्यातून दोनदा करावा. तो नियमित करणाऱ्या संघांत या स्नायूच्या दुखापती जवळपास निम्म्याने घटल्याचे संशोधन सांगते.

मग १६०० मीटर कधी करायचे?

ते सोडायचे नाही. त्याला जागा नेमून द्यायची. ५ मिनिटे १० सेकंद म्हणजे ४०० मीटरच्या चार फेऱ्या, प्रत्येकी साडेसत्त्याहत्तर सेकंदांत. महिलांच्या ८०० मीटरसाठी एक फेरी ८५ सेकंदांची. हा वेग अंगवळणी पाडण्यासाठी ४०० मीटरच्या चार-पाच फेऱ्या त्याच वेळेत, मध्ये दोन-तीन मिनिटे विश्रांती घेऊन, आठवड्यातून एकदा धावाव्यात. रोज दहा किलोमीटर सावकाश धावण्यापेक्षा याचा उपयोग अधिक. १०० मीटरचा वेग वाढला, की साडेसत्त्याहत्तर सेकंदांची फेरी आपोआप सोपी वाटू लागते, हा दुहेरी फायदा.

आठवड्याची आखणी साधारण अशी करता येईल.

सोमवार : १०-३० मीटरच्या स्प्रिंट, नंतर पायांची ताकद.
मंगळवार : अर्धा तास सावकाश धावणे.
बुधवार : गोळाफेकीचे तंत्र, जोर आणि वरच्या अंगाची ताकद.
गुरुवार : ४०० मीटरच्या फेऱ्या.
शुक्रवार : पूर्ण विश्रांती.
शनिवार : चढावरच्या धावा, उड्या, पायांची ताकद.
रविवार : हलके चालणे किंवा सावकाश धाव.

दर चौथ्या आठवड्यात सगळे निम्म्यावर आणावे. ताकद व्यायामाच्या वेळी वाढत नाही, ती विश्रांतीत वाढते. एनएफएलचे खेळाडूही वर्षभर सारखेच वजन उचलत नाहीत. हंगामाबाहेर ताकद कमावतात आणि सामने सुरू झाल्यावर ती टिकवण्यापुरताच व्यायाम करतात. भरतीच्या आधीचे दहा दिवस असेच हलके ठेवावेत. शेवटच्या आठवड्यात जीव तोडून केलेला सराव चाचणीच्या दिवशी पायात उतरतो.

मुलींसाठी काही वेगळे?

मूळ तत्त्वे तीच. वजन उचलल्याने मुली पुरुषांसारख्या दिसू लागतात, ही भीती निराधार आहे. उलट १०० मीटर आणि गोळाफेक या दोन्हींत मुलींना ताकदीचा फायदा मोठा होतो, कारण बहुतेकींनी आधी तो व्यायाम कधी केलेलाच नसतो.

दोन गोष्टींकडे लक्ष हवे. उडीवरून उतरताना किंवा दिशा बदलताना गुडघ्यातील अस्थिबंध तुटण्याचा धोका मुलींमध्ये अधिक असतो. म्हणून अलगद उतरण्याचा सराव आधी. दुसरे रक्ताचे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक महिलांना रक्तक्षय आहे. हिमोग्लोबिन कमी असेल, तर कितीही सराव केला तरी दम लागतो आणि दोष मेहनतीला दिला जातो. सराव सुरू करण्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी करून घ्यावी. सराव वाढल्यावर पाळी बंद झाली, तर ते तंदुरुस्तीचे लक्षण नव्हे. खाणे कमी पडत असल्याची ती खूण असू शकते.

आहार आणि ‘इंजेक्शन’…

ताकदीचा सराव करणाऱ्याला शरीराच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने पुरतात. ६० किलोच्या उमेदवाराला साधारण ९५ ग्रॅम. १०० ग्रॅम शेंगदाण्यांतून २५ ग्रॅम, तेवढ्याच सुक्या हरभऱ्यातून २० ग्रॅमच्या आसपास, एका अंड्यातून ६ आणि पेलाभर दुधातून ८ ग्रॅम प्रथिने मिळतात. नागलीची भाकरी, मटकीची उसळ, डाळ, अंडी, दूध आणि शेंगदाणे यांत हिशेब बसतो. महागडा डबा अनिवार्य नाही. आठ तासांची झोप मात्र अनिवार्य आहे.

खरा धोका वेगळा आहे. भरतीच्या काळात उत्तेजके घेण्याचे प्रकार राज्यात उघडकीस आले आहेत. या बाबतीतही अमेरिकन फुटबॉलचा इतिहास बोलका आहे. १९६३ मध्ये ‘सॅन डिएगो चार्जर्स’ संघाने अल्विन रॉय यांना ताकदीचा प्रशिक्षक नेमले. वजनांच्या सरावासोबत खेळाडूंच्या जेवणाच्या टेबलावर गुलाबी गोळ्याही येऊ लागल्या. ते डायनाबोल नावाचे स्टेरॉइड होते. संघ त्या हंगामात विजेता ठरला आणि चुकीचा धडा पुढची दोन दशके खेळात पसरला. एनएफएलला १९८७ मध्ये तपासणी आणि त्यानंतर निलंबन सुरू करावे लागले. स्टेरॉइडने यकृत, हृदय आणि प्रजननक्षमतेवर परिणाम होतात. एकच सुई अनेकांनी वापरली तर कावीळ आणि एचआयव्हीची भर. मैदानावर पकडले गेले, तर नोकरीची आशाही संपते.

उन्हाचा धोका किती?

भरतीच्या धावचाचणीत तरुणांचे मृत्यू झाल्याच्या घटना महाराष्ट्राने पाहिल्या आहेत. अमेरिकेतही तेच घडले. १ ऑगस्ट २००१ रोजी ‘मिनेसोटा व्हायकिंग्ज’चा कोरी स्ट्रिंगर हा २७ वर्षांचा धिप्पाड खेळाडू सरावातील उष्माघाताने मरण पावला. त्याच्या नावाने २०१० मध्ये कनेक्टिकट विद्यापीठात संस्था उभी राहिली. अशा मृत्यूंबाबत तिचा मुख्य संदेश साधा आहे : सरावातील उष्माघात वेळीच ओळखला आणि शरीर तातडीने थंड केले, तर जीव वाचतो.

धावताना उमेदवार अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला, चिडचिड करू लागला किंवा कोसळला, तर त्याला ‘चक्कर आली’ म्हणून सावलीत नुसते झोपवू नये. घाम येत असला, तरी उष्माघात असू शकतो. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत वाट पाहत बसू नये. आधी थंड करणे, मग हलवणे हा क्रम. थंड पाण्याच्या टाकीत डोके वर धरून बसवावे. टाकी नसेल, तर ताडपत्रीवर झोपवून चौघांनी कडा उचलून धराव्यात आणि त्यात बर्फाचे पाणी ओतून हलवत राहावे. शेतकऱ्याच्या घरी ताडपत्री असतेच. भरतीच्या मैदानावर ती, पाण्याचा पिंप आणि बर्फ ठेवण्याचा खर्च काही हजारांचाही नाही.

उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. म्हणून थंडीत पहाटे सराव करणाऱ्या उमेदवाराची चाचणी उन्हाळ्यात दुपारी आली, तर आधीचे दोन आठवडे थोडा थोडा वेळ उन्हात धावून शरीर तयार करावे. आदल्या रात्री प्रवास, फुटपाथवर झोप, रिकामे पोट आणि त्यावर जीव खाऊन धावणे ही सर्वांत घातक जुळणी ठरते. ताप, जुलाब किंवा छातीत दुखणे असेल, तर त्या दिवशी धावू नये. भरती पुन्हा निघते.